दोन बोटे आणि एक कोन

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीने आणि मधल्या बोटाने मला पस्तीस वर्षे भाकर दिली. परिचारिका-प्रसाविका म्हणून शासकीय सेवेत असताना या दोन बोटांनी किती बाळंतिणी तपासल्या याची मोजदाद नाही. गर्भाशयाचे मुख किती उघडले, पाणमोट शाबूत आहे की फुटली, बाळाचे डोके कुठवर उतरले, त्याची टाळू कोणत्या अंगाला वळली, हे सारे डोळ्यांना न दिसता बोटांना कळायचे. निदान कळते अशी आमची समजूत असायची. २०१९ साली निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी माझ्या बोटांचे कौतुक केले होते आणि मी ते खाली मान घालून ऐकून घेतले होते. एका रात्रीची आठवण मनात नसती, तर कदाचित अधिक मोकळेपणाने ऐकले असते.

गेल्या वर्षी श्रावणात माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होती. तिच्या वेणा लांबल्या तेव्हा डॉक्टरांनी प्रसूतिकक्षात सोनोग्राफीचे यंत्र आणले. गरोदरपणातील सोनोग्राफी आता घरोघरी माहीत आहे. पण ऐन वेणा चालू असताना, बाळ खालच्या वाटेने येण्याचा संभव किती हे अजमावण्यासाठीही ती करतात, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले नसेल. सेवेत असताना मीही ती कधी पाहिली नव्हती. त्या रात्री जे पाहिले ते लिहावेसे वाटले, कारण नातवंडाच्या जन्माच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसणारे बहुतेक आपल्याच वयाचे असतात आणि त्या बाकावरून आत पुष्कळ दडपण जात असते.

आधी बोटांचा हिशेब सांगते. ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीत, साधारण मध्यावर, डाव्या-उजव्या बाजूंना हाडाची दोन लहान टोके आत आलेली असतात. तपासणाऱ्याच्या बोटाला ती लागतात. बाळाच्या डोक्याचा सर्वांत खालचा भाग त्या टोकांच्या पातळीला आला की आम्ही नोंदवहीत ‘शून्य’ लिहायचो. एक सेंटिमीटर वर असेल तर उणे एक, खाली असेल तर अधिक एक. वाचताना हे पट्टीने मोजल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पट्टी कुठेच नसते. वेदनेने कळवळणारी बाई, रात्रीचा मिणमिणता दिवा आणि जेमतेम अर्ध्या मिनिटात घ्यायचा अंदाज. एकाच बाईला दोघींनी तपासले तर पुष्कळदा दोन आकडे निघत. मग जी वयाने किंवा हुद्द्याने मोठी, तिचा आकडा कागदावर चढे.

त्यात एक मोठा चकवा असतो. वेणा लांबल्या की दाबल्या गेलेल्या डोक्याच्या कातडीखाली पाणी साचून सूज येते. कवटीची हाडेही एकमेकांवर किंचित सरकतात आणि डोके लांबुळके होते. कवटी आहे तिथेच अडलेली असते. सुजलेली कातडी मात्र खाली खाली येत राहते. बोटाला लागते ती सूज, आणि बोट सांगते, डोके उतरले.

१९९१ च्या पावसाळ्यात मी सह्याद्रीच्या पायथ्याशी, एका तालुक्याच्या गावच्या तीस खाटांच्या रुग्णालयात होते. डोंगरावरच्या वाडीतून एक पहिलटकरीण आली, आदल्या दिवसापासून कळा सोसत. डांबरी रस्त्यापर्यंत डोलीतून, तिथून पुढे दुधाच्या गाडीतून. संध्याकाळी मी तपासले तेव्हा मुख सात सेंटिमीटर उघडलेले होते आणि डोके शून्यावर. रात्री अकराला मुख तेवढेच होते, पण डोके अधिक एकवर. मुख उघडत नसले तरी डोके उतरते आहे, म्हणजे वाट मिळते आहे, असा मी अर्थ लावला. डॉक्टरांनी माझ्या नोंदीवर विश्वास ठेवला. ठेवू नये असे माझ्या कामात तोवर काही घडले नव्हते. पहाटे चारला पुन्हा तपासले तेव्हा बोटाला हाड लागेना. लागत होता तो मऊ, मळलेल्या कणकेसारखा थर. मग पोटावरून चाचपले, तर डोके अजून पुष्कळसे वरच होते. हे चाचपणे मी अकरा वाजताही करायला हवे होते. त्याला ना यंत्र लागते ना वीज. शस्त्रक्रियेची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी, घाटरस्त्याने अडीच तासांवर. जीप निघाली तेव्हा बाळाचे ठोके ऐकू येत होते. पोचली तेव्हा येत नव्हते. आई वाचली.

सहा महिन्यांनी ती मला आठवड्याच्या बाजारात भेटली. मला पाहून थांबली, हात जोडले आणि म्हणाली, “बाई, लई केलंसा तुम्ही माझ्यासाठी.” त्यानंतर मी पोटावरून डोके चाचपल्याशिवाय कधीही आतून तपासणी केली नाही. पण बोटांवरचा तो जुना विश्वास काही परत आला नाही.

मुलीच्या कळा पहाटे सुरू झाल्या आणि दुपारी आम्ही तिला रुग्णालयात नेले. शहरातले खासगी रुग्णालय, शस्त्रक्रियागृह त्याच मजल्यावर. डॉक्टरबाई माझ्या मुलीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. मी याच कामातली म्हणून त्यांनी मला आत थांबू दिले; त्या मला ‘सिस्टर’ म्हणत. संध्याकाळी सहाला मुख सहा सेंटिमीटर उघडले होते. रात्री दहालाही सहाच.

बाहेर वातावरण तापले होते. विहीणबाई म्हणाल्या, “आमची धाकटी सून दोन तासांत सीझर होऊन मोकळी झाली. ही पोर आणखी किती सोसणार?” मुलीच्या आत्यासासूबाईंचे मत उलट होते. त्यांची पाचही बाळंतपणे घरी, सुईणीच्या हातून झालेली. सीझर म्हणजे जन्माची कंबरदुखी, हा त्यांचा पक्का समज. जावई एकदा इकडे, एकदा तिकडे मान हलवत होते. मुलीचे थोरले दीर दुसऱ्या शहरातून दर वीस मिनिटांनी फोन करून “काय ठरलं?” असे विचारत होते. ठरवायचे जणू त्या बाकावरच होते! आपल्याकडे सीझरचे प्रमाण किती वाढले यावर चर्चा पुष्कळ होते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २१.५ टक्के जन्म शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. त्यात पैशाचा भाग असेल, सोयीचाही असेल. पण रात्री दहा वाजता बाकावरून आत पोचणारा धीर सुटलेला आवाज कोणत्या रकान्यात मोजायचा, हे मला पस्तीस वर्षांत उमगलेले नाही.

आणि मी? मी गप्प होते, पण मनातून सीझरच्या बाजूची होते. मुलीच्या वेदना पाहवत नव्हत्या हे त्याचे खरे कारण नव्हते. मला घाटातली जीप दिसत होती.

दहा वाजता शिकाऊ डॉक्टर मुलीने तपासले आणि सांगितले, “अधिक एक.” डॉक्टरबाईंनी तपासले. त्या म्हणाल्या, “मला शून्य वाटतं. सूज आहे का, नक्की सांगता येत नाही.” माझी दोन बोटे आपोआप एकमेकांना जुळली. मी हात पदराआड घेतला. तिथे मी आई होते. तपासण्याचा मला अधिकार नव्हता, आणि असता तरी तिसरा आकडा निघण्याखेरीज काय होणार होते?

डॉक्टरबाईंनी यंत्र मागवले. हे यंत्र मनात येईल तिथे फिरवता येत नाही. रुग्णालयाच्या नावे त्याची नोंद असते, आणि गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा तपशील ‘एफ’ नमुन्यात भरावा लागतो. गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे त्यात तिचे सहीनिशी निवेदन असते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. याच यंत्राचा किती वाईट उपयोग झाला तो आमच्या पिढीने जवळून पाहिला आहे. दोन कळांच्या मधल्या उसंतीत माझ्या मुलीने त्या कागदावर वाकडीतिकडी सही केली, तेव्हा मला तो कागद कटकटीचा वाटला नाही.

आधी त्यांनी यंत्राचे टोक पोटावर, ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर ठेवले. पडद्यावर दोन काळी वर्तुळे शेजारीशेजारी दिसली. “बाळाच्या डोळ्यांच्या खोबणी,” त्या म्हणाल्या. त्या समोर दिसत होत्या, म्हणजे बाळाचा चेहरा आईच्या पोटाकडे आणि डोक्याची मागची बाजू तिच्या पाठीकडे होती. एरवी उलट असते. अशा स्थितीत डोक्याचा मोठा घेर वाटेत येतो, कंबरेतून जीवघेण्या कळा येतात आणि प्रगती मंदावते. बहुतेक बाळे पुढे आपणहून वळतात. काही वळत नाहीत. ही स्थिती बोटांनी ओळखताना पुष्कळ चुका होतात, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. डोक्यावर सूज असली की टाळूची खाचच हाती लागत नाही, हे सांगायला तर अभ्यासाचीही गरज नाही.

मग त्यांनी यंत्राच्या टोकावर हातमोजा चढवला, जेली लावली आणि ते बाहेरूनच, खालच्या बाजूला, हलकेच टेकवले. आत काहीही घालायचे नसते. दुपारपासूनच्या आतल्या तपासण्यांनी मुलगी हैराण झाली होती, ती एवढेच म्हणाली, “आई, हे दुखत नाही गं.”

पडद्यावर काय दिसते ते सांगते. ओटीपोटाच्या पुढच्या भागात दोन हाडे जिथे जुळतात तो सांधा लांबट बदामासारखा दिसतो. त्याच्या लांबीतून एक रेघ ओढतात. त्याच्या खालच्या टोकापासून दुसरी रेघ काढतात, ती बाळाच्या कवटीच्या कडेला जेमतेम स्पर्शून जाईल अशी. या दोन रेघांमधला कोन मोजायचा. डोके जसजसे उतरते तसतसा कोन उघडत जातो, पुस्तकाची पाने उघडावीत तसा. आमच्या जुन्या हिशेबातले ‘शून्य’ म्हणजे साधारण ११६ अंश. कोन १२० अंशांच्या पुढे गेला की बाळ खालच्या वाटेने येण्याची शक्यता बरीच मोठी असते. ही मोजणी २००९ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून मांडली गेली, आणि २०१८ साली या विषयातील डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती केव्हा व कशी करावी याची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. आणखी एक माप असते. टोक थोडे दाबून धरायचे आणि बाहेरच्या कातडीपासून कवटीच्या हाडापर्यंतचे अंतर मोजायचे. ते चाळीस मिलिमीटरांच्या आत असेल तर चांगले.

माझ्या मुलीचा कोन ९८ अंश होता. अंतर ४६ मिलिमीटर.

पण माझे लक्ष आकड्यांकडे नव्हते. कवटीची पांढरीशुभ्र कमान पडद्यावर स्पष्ट दिसत होती आणि तिच्या खाली, कमानीला धरून, एक जाड करडा पट्टा होता. डॉक्टरबाईंनी त्यावर बाण नेला. “ही बघा सिस्टर, सूज. अधिक एक लागतंय ते हे.” तीस वर्षांहून अधिक काळ जी गोष्ट मी केवळ मनाशी समजावून घेतली होती, ती डोळ्यांसमोर होती. हाड कुठे आणि सूज कुठे, हे एखादे लहान मूलही दाखवू शकले असते. मला एकाएकी उभे राहवेना. मी खाटेचा दांडा धरला आणि म्हणाले, “डॉक्टर, आता थांबू नका. घ्या तिला आत.”

डॉक्टरबाईंनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी बाळाच्या ठोक्यांची पट्टी पाहिली; ठोके उत्तम होते. मुलीच्या पोटावर हात ठेवून दोन कळा मोजल्या. कळांना पुरेसा जोर नव्हता. मग मला बाजूला घेऊन त्यांनी जे सांगितले ते मी शक्य तितके तसेच लिहिते. वेणा लांबलेल्या दीडशे पहिलटकरणींचा एक अभ्यास नॉर्वे आणि इंग्लंडमध्ये झाला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे अंतर चाळीस मिलिमीटर किंवा कमी होते, त्यांपैकी शंभरात सात जणींनाच सीझर लागले. ज्यांचा कोन शंभर अंशांहून कमी होता अशा बायका थोड्याच होत्या. त्यांतल्या साधारण साठ टक्के बायकांना सीझर लागले. “म्हणजे दहांतल्या जवळपास चौघी तरीही खालच्या वाटेने बाळंत झाल्या,” त्या म्हणाल्या. “त्या चौघींत तुमची मुलगी आहे की नाही, हे मला या पडद्यावर दिसत नाही. मला एवढंच दिसतं की बाळ उलट्या तोंडाचं आहे, वर आहे आणि खुशाल आहे. कळा कमी पडताहेत, त्या वाढवता येतील. बारा वाजता पुन्हा पाहू. तोवर भूलतज्ज्ञांना बोलावून ठेवते. ठोके बिघडले तर दहा मिनिटांत आत घेऊ.”

कळा वाढवण्याचे औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने सुरू झाले. मुलीला डाव्या कुशीवर वळवले, मध्येच गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवे व्हायला सांगितले. बाळाच्या ठोक्यांवर यंत्राची सतत नजर होती. मी तिच्या कंबरेवर तळहाताने जोर देत बसले. तिला बरे वाटले ते बहुधा यानेच.

त्या दोन तासांत माझ्या मनात एकच विचार घोळत होता. १९९१ च्या त्या रात्री अकरा वाजता मला हाच पडदा मिळाला असता, यावर हाच ९८ चा आकडा असता, तर मी काय करायला हवे होते? जीप काढायला हवी होती, त्याच क्षणी. तिथे थांबणे म्हणजे घाट आणखी लांब करणे होते. इथे शस्त्रक्रियागृह वीस पावलांवर होते, म्हणून थांबणे हाच उपचार ठरत होता. एकच कोन, एकच सूज, आणि दोन ठिकाणी दोन विरुद्ध निर्णय, दोन्ही बरोबर. आकडा काय म्हणतो हे त्या आकड्यावर कधीच लिहिलेले नसते. बाळाचे ठोके, आईची ताकद, कळांचा जोर आणि शस्त्रक्रियेच्या दारापर्यंतचे अंतर, यांच्या शेजारी ठेवूनच तो वाचावा लागतो. माझ्या मनाने ९८ हा आकडा घाटातल्या जीपच्या शेजारी ठेवून वाचला होता.

साडेदहाच्या सुमारास मी बाहेर गेले. रुग्णाजवळ थांबणाऱ्या माणसाचे निम्मे काम बाहेर असते, हे नोकरीत शिकले होते. ते स्वतःच्या घरात पहिल्यांदाच करत होते. सोनोग्राफीत काय निघाले, असे सगळ्यांनी एकदम विचारले. “डोकं वर आहे,” एवढेच म्हटले असते तर विहीणबाईंनी लगेच सीझरचा धोशा लावला असता. “अजून शक्यता आहे,” एवढेच म्हटले असते तर आत्यासासूबाई देवाला साखर ठेवायला निघाल्या असत्या. मी दोन्ही सांगितले. शक्यता निम्म्याहून कमी आहे हेही सांगितले. बाळ सुखरूप आहे म्हणून वेळ देता येतो आहे, बारा वाजता पुन्हा पाहणार आहेत, आणि तोवर ‘काय ठरलं’ असे आत कोणीही विचारायचे नाही. विहीणबाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही बसा विहीणबाई जरा. दुपारपासून पोटात काही नाही तुमच्या.” आणि त्यांनी डब्यातली दशमी माझ्या हातावर ठेवली.

थोरल्या दिरांचा फोन आलाच. त्यांचे म्हणणे असे, की एवढे चांगले यंत्र आहे तर दर तासाला लावा, आणि सगळ्याच बायकांना लावा; संशयच नको. हे ऐकायला पटते, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते. फ्रान्समध्ये एका मोठ्या चाचणीत निम्म्या बायकांच्या बाळाची डोक्याची स्थिती सोनोग्राफीने पडताळून पाहिली, निम्म्यांची केवळ बोटांनी. २०१५ साली निष्कर्ष आले तेव्हा सोनोग्राफी झालेल्या गटात सीझर आणि उपकरणांनी केलेल्या प्रसूती अधिक निघाल्या, आणि आईला वा बाळाला त्याचा लाभ झालेला दिसला नाही. नीट चाललेल्या वेणांमध्ये डोकावले की काहीतरी कमी-जास्त दिसतेच, आणि दिसले की हात स्वस्थ बसत नाहीत. म्हणूनच २०१८ च्या त्या सूत्रांतही ही तपासणी सरसकट सांगितलेली नाही. वेणा मंदावल्या वा अडल्या, किंवा बाळाला उपकरणाने ओढून घ्यायची वेळ आली, तर ती करावी असे सुचवले आहे. आपली लेक-सून सुरळीत चालली असेल तर ‘ते यंत्र का लावत नाही’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नये. मुख तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा आमच्या काळातला दंडकही जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सैल केला आहे. केवळ गती तेवढी नाही म्हणून काही करू नये, असे ती सांगते. हा दंडक मी कित्येक मुलींना दरडावून शिकवला होता.

बारा वाजता पुन्हा पडदा लागला. डोळ्यांच्या खोबणी आता समोर नव्हत्या. बाळ बाजूला वळू लागले होते. मुख आठ सेंटिमीटर, कोन १११. आनंदाने काही बोलावे असा तो आकडा नव्हता आणि कोणी बोललेही नाही. डॉक्टरबाई फक्त म्हणाल्या, “चाललंय.” अडीचला मुख पूर्ण उघडले. कोन १२६. मुलीने जोर करायला सुरुवात केली आणि आता सगळे पार पडले असे मी मनात धरून चालले.

तसे झाले नाही. पाऊण तास जोर करूनही डोके बाहेर येईना, मुलगी थकली, आणि साडेतीनच्या सुमारास कळेच्या वेळी बाळाचे ठोके खाली जाऊ लागले. पडद्यावरचा उत्तम कोन ठोक्यांचे काही सांगू शकत नाही. डॉक्टरबाईंनी शेवटचे एकदा यंत्र टेकवले, डोके कोणत्या बाजूला वळले आहे याची खात्री केली आणि व्हॅक्यूमची वाटी लावली. वाटी डोक्याच्या नेमक्या जागी बसली पाहिजे, नाहीतर निसटते किंवा इजा करते. त्यासाठी डोक्याची स्थिती अचूक माहीत असणे किती मोलाचे, हे ज्यांनी अंदाजाने लावलेली वाटी निसटताना पाहिली आहे त्यांनाच कळेल. दोन कळांत बाळ आले. तीन वाजून एकेचाळीस मिनिटे. ते रडले, आणि मग मी रडले. मुलगी झाली होती. हे आम्हाला तेव्हाच कळले.

सकाळी विहीणबाईंनी नात मांडीवर घेतली आणि दचकल्या. डोके लांबुळके, माथ्यावर फुगवटा. “तेल लावून, हातानं दाबून गोल करायला हवं,” असे म्हणत त्यांनी हात पुढे केला. घरोघरच्या आज्यांची ही सवय मला ठाऊक आहे. मी त्यांचा हात धरला आणि सांगितले की दाबायचे नाही, चोळायचे नाही. अशी साधी सूज आपोआप जिरते. वाढू लागली, बाळ पिवळे दिसू लागले किंवा पिईनासे झाले, तर मात्र लगेच दाखवायचे. त्यांनी ऐकले. रात्रीपासून आमच्यात काहीतरी बदलले होते.

तिसऱ्या दिवशी अंग पुसून देताना मी माझी दोन बोटे नातीच्या डोक्यावरून हलकेच फिरवली. टाळू मऊ, कडेची हाडे आपापल्या जागी. जिथे फुगवटा होता तिथे थोडा वेळ थांबले. कातडीखाली हाड लागले.